पहिल्या पानावरच्या सह्या

रेवा,

परवा मंडळाने भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. शोकप्रस्ताव मी लिहावा, असा निरोप आपल्या मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर नाना यांनी मला दोनदा पाठवला होता. इंग्लंडमधल्या या गावातल्या मराठी माणसांचे गेल्या बारा वर्षांतले सगळे शोकप्रस्ताव माझ्या हातचे आहेत. तुझा मी लिहिला नाही. मग नानांनी तो स्वतःच लिहिला आणि स्वतःच वाचला. 'मनमिळाऊ, नृत्यनिपुण, मंडळाची लाडकी कन्या.' नृत्यनिपुण! वयाच्या नवव्या वर्षी गणपतीत तू एकदाच नाचलीस आणि मध्येच स्टेप विसरून रडत खाली उतरलीस. बावीस वर्षांच्या तुझ्या आयुष्यातून त्यांच्या हाती तेवढेच लागले. तुझ्या नावाने नृत्यस्पर्धेचा फिरता करंडक ठेवण्याचा ठरावही तिथेच संमत झाला. त्यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या!

सर्वांत शेवटी आर्या उठली. तुझी आर्या, सोळा वर्षांची, जिला तू धाकटी बहीण म्हणायचीस. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता. नाना माइकवरून म्हणाले, "बाळा, आधी मोठ्यांचं होऊ दे. मग तू बोल हं." मोठ्यांचे होत राहिले. अकरा जण बोलले. त्यांतल्या निम्म्यांना तू काय करत होतीस हे ठाऊक नव्हते. पाच वाजले, हॉलचे बुकिंग संपले, केअरटेकर दारात किल्ल्या वाजवत उभा राहिला, आणि पसायदान म्हणून सभा संपली. आर्याचा कागद घडीतच राहिला.

मी दुसऱ्या रांगेत होतो. मी उठलो नाही. सबब हा लेख.

तुला सर्व ठाऊक आहे. परंतु हे इतरांनीही वाचावे अशी माझी इच्छा असल्यामुळे स्थिती स्पष्ट करतो. तुम्हा मुलांचा अर्ज माझ्यामुळे अडकला आहे. तो मागे घेण्याचा अधिकार कागदोपत्री एकट्या माझा आहे, आणि तो मागे घेतल्याशिवाय त्याच विषयावरचा तुमचा नवा अर्ज कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, स्वीकारणार नाही. येत्या शुक्रवारपर्यंत हे झाले नाही, तर मुलांच्या समितीच्या पुढच्या बैठकीत तुमचा विषय येणार नाही, आणि जर्मनीतल्या आपल्या जोडगावाने, म्हणजे ट्विन टाउनने, तुमच्यासाठी राखलेल्या जागा जातील. तू गेलीस त्या दिवशी तो अर्ज मी मागे घेतलेला नव्हता. आज बुधवार आहे. अजूनही घेतलेला नाही.

मी नववीपर्यंत शिकलो आहे, हे मी कधी लपवलेले नाही. संगमनेरच्या तहसील कचेरीबाहेर अठरा वर्षे टेबल टाकून मी अर्ज लिहिले. पुढे माझ्या बायकोला, मंगलला, इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि मी तिच्या मागून या गावी आलो. आठवडाभर गोदामात खोकी लावतो, शनिवारी लायब्ररीतल्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसतो. लेस्टरपासून बसने चाळीस मिनिटे लागतात, तरी तिथल्या बेलग्रेव्ह रोडवरची आपली माणसे माझ्याकडे कागद घेऊन येतात. शाळाप्रवेश, जीपी डॉक्टरकडची नोंदणी, घराची गळती, व्हिसा. माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही. हे मी गर्वाने सांगत नाही, लोक सांगतात.

मात्र एक काळ असा आला की कौन्सिलने कागद घेणेच थांबवले. सर्व काही ऑनलाइन. माझी लेखणी एका महिन्यात निकामी झाली. तेव्हा तू शाळेत होतीस. तू येऊन माझ्या शेजारी बसलीस आणि म्हणालीस, "काका, घाबरू नका, हा फॉर्मच आहे. फक्त तो तुमच्याकडे बघत नाही." चार शनिवार तू मला शिकवलेस. पासवर्ड म्हणून मी मंगलचे नाव ठेवले, तेव्हा म्हणालीस, "इतकं ईझी नको. काकूंना कोणीपण गेस करेल." माझे काम तू मला परत मिळवून दिलेस, याची मी कुठे नोंद केली नाही आणि तुझे आभारही मानले नाहीत. मुलांचे आभार मानायची आमच्यात पद्धत नव्हती.

तुझे सारे आयुष्य त्या एका गोष्टीभोवती फिरत असे आणि मला ती कळत नसे. पूर्वी दर उन्हाळ्यात आपल्या गावातली बारा मुले जोडगावी जात आणि तिकडची बारा इकडे येत. केवळ सहल नव्हे. दोन दिवस ती नगरभवनात नगरसेवकांच्या खुर्च्यांवर बसत, बसगाड्यांचे, नदीकाठचे, शाळेतल्या जेवणाचे ठराव करत, आणि दोन्ही गावांना त्यांची उत्तरे द्यावी लागत. तू पंधराव्या वर्षी गेलीस आणि परत आलीस ती वेगळीच होऊन. आल्या आल्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणालीस, "काका, त्यांनी आमचं ऐकलं! खरंच! बसचा टाइम बदलला!" मी म्हणालो, "बसचाच ना?" तुझा चेहरा उतरला. ते मी पाहिले आणि समोरचा फॉर्म भरत राहिलो.

पुढे हा देश युरोपियन युनियनमधून बाहेर पडला आणि ते सगळे बंद पडले. पूर्वी शाळेच्या एका यादीवर भारतीय पासपोर्टवाली मुलेही व्हिसाशिवाय जाऊ शकत. ती सोय गेली. आर्याचे वडील पुण्याहून कंपनीच्या कामावर आलेले, तिचा पासपोर्ट भारतीय. तिच्यासारखी पाच-सहा मुले आपल्याच मंडळात आहेत. ग्लासगोचे शिक्षण संपवून तू घरी आलीस, यूथ क्लबात अर्धवेळ काम धरलेस आणि या मुलांना जमवलेस. कौन्सिलने अदलाबदल पुन्हा सुरू करावी, दोन्ही गावांच्या मुलांची ती सभा मान्य करावी, आणि ज्यांना व्हिसा लागतो त्यांच्यासाठी पत्र द्यावे, एवढेच तुम्हाला हवे होते.

तू मसुदा आणलास तो शनिवार मला स्वच्छ आठवतो. अर्धे पान. सोबत आर्या.

"काका, फक्त मिस्टेक्स बघा हं. री-राइट करायचं नाही."

मी वाचले. 'आम्ही चौदा ते बावीस वर्षांचे आहोत. आमच्या भेटी बंद करताना आम्हाला विचारले नव्हते. आता विचारा.'

"यात विनंती कुठे आहे?" मी म्हणालो.

"विनंती नाहीये. पिटिशन आहे."

"पिटिशन म्हणजेच विनंती. हे काम मी तुझ्या जन्माआधीपासून करतो आहे."

"तेच तर! तुमचं लेटर वाचलं की वाटतं, साहेबांच्या पाया पडायला क्यू लागलाय."

"आणि क्यूमध्ये सगळे अंकल्स पुढे," आर्या म्हणाली. तुम्ही दोघी इतक्या हसलात की लायब्ररीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिले.

मग तू मला जोडगावच्या लेनाचे सांगितलेस. सोळा वर्षांची मुलगी, युरोपच्या पार्लमेंटसाठी मत देऊन आली होती. मी म्हणालो, "सोळाव्या वर्षी धड मिशी फुटत नाही, मत कसलं देतात?"

"लेनाला मिशी नकोच आहे, काका."

"विषय बदलू नकोस. पोच लागते."

"ग्लासगोमध्ये पण सिक्स्टीनला देतात. तिथे काय सगळे प्रोफेसर आहेत का? तुम्ही सोळाव्या वर्षी काय करत होता?"

सोळाव्या वर्षी मी कचेरीबाहेर दुसऱ्याच्या टेबलावर बसून अर्ज लिहीत होतो, आणि त्या अर्जांवर सरकार निर्णय घेत होते. हे उत्तर तुझ्याच बाजूचे होते, म्हणून मी ते दिले नाही. वाद जिंकण्यासाठी मी खरे दडवले, रेवा. ही माझी जुनी खोड आहे.

सह्यांचे कागद तयार झाले, आणि एका आठवड्यासाठी तू मैत्रिणींकडे ग्लासगोला निघालीस. जाताना पाकीट माझ्या हाती दिलेस. "सोमवारी काउंटरवर फक्त देऊन या, काका. पेपर कॉपी मागितलीय त्यांनी. नियम आतमध्ये आहेत, यलो केलेत, प्लीज वाचा." नियम मी वाचत नाही, माणसे वाचतो, असे म्हणण्याची मला सवय आहे. तेव्हाही म्हणालो.

पाकीट उघडून पाहिले तो पहिली सही आर्याची. सोळा वर्षांच्या पोरीची, शेवटच्या अक्षराला गोल शेपूट काढलेली. तिच्याखाली सगळी शाळकरी नावे. तहसीलात मी आयुष्यभर एक गोष्ट पाहिली होती. गावचा रस्त्याचा अर्ज असो की स्मशानभूमीचा, पहिली सही पोलीस पाटलाची, मग सरपंचाची, मग सोसायटीच्या चेअरमनची, आणि त्यानंतर बाकीचा गाव. ज्या अर्जावर ही उतरंड नसे, त्याचे पान अव्वल कारकून उलटत नसे. मला वाटले, या मुलांना कोणी सांगितलेलेच नाही. मला वाटले, मी आहे म्हणून निभावले.

रविवारी मी नवे पहिले पान केले आणि गाडी काढली. पहिली सही नानांची, त्यांनी शाईच्या पेनाने केली. मग सेक्रेटरी, मग दोघे डॉक्टर, मग मंदिराचे विश्वस्त. प्रत्येकाने विचारले, "कशाबद्दल आहे?" मी सांगितले, "मुलांचं काहीतरी आहे." तेवढ्यावर सह्या झाल्या. एकानेही वाचले नाही. चहा मात्र प्रत्येक घरी झाला. तुमचा अर्ध्या पानाचा मजकूर मी दोन पानांचा केला, 'सविनय' आणि 'कृपावंत होऊन' घातले, 'आता विचारा' काढून टाकले. 'अर्ज सादर करणार' या रकान्यात माझे नाव लिहिले, कारण सादर मी करत होतो. तुमची पाने मागे टाचली. सोमवारी पोच घेऊन आलो तेव्हा मी प्रसन्न होतो, हे तुला खोटे सांगणार नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आले ते, पहिली सही त्यांची म्हणून, नानांच्या नावाने. त्यांनी ते मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, खाली हात जोडल्याची पाच चिन्हे. अर्ज प्रौढांच्या संस्थेचा असल्यामुळे तो मुलांच्या समितीकडे न जाता सांस्कृतिक विभागाकडे पाठवण्यात आला होता. मंडळाने दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार मानले होते. आणि उन्हाळी जत्रेत एक स्टॉल व भारतीय नृत्यासाठी पंधरा मिनिटे देऊ केली होती. यात कौन्सिलचे काही चुकले नाही. त्यांनी नियम पाळला. पंचविशीच्या आतल्यांनी स्वतः आणलेला अर्जच मुलांच्या समितीकडे जातो आणि मोठ्यांनी पाठिंब्याची सही वेगळ्या पानावर करायची असते, असे त्या पिवळ्या केलेल्या ओळींत लिहिले होते.

ग्रुपवर 'अभिनंदन' सुरू झाले. तुला ते तिथेच कळले.

शनिवारी तू आलीस. एक गुजराती आजी बसपासचा फॉर्म घेऊन माझ्यापुढे बसल्या होत्या. तुझा चेहरा पाहून त्या आपण होऊन दुसऱ्या टेबलाशी गेल्या.

"काका, आमच्यात तुम्ही कशाला घुसलात?"

"मी नसतो तर तुमचा कागद दारातच अडकला असता."

"दारात कोणीच अडवत नव्हतं! दार आमच्यासाठीच ओपन होतं!"

"हळू बोल. इथे माझी इज्जत आहे."

"आणि आर्याची? ती फोर्टी घरांत गेली होती. तिला आता वाटतंय, तिची सही रफ होती म्हणून मागे टाकली." तुझा आवाज फाटला होता. "पंधरा मिनिटं डान्स, काका. आम्ही मीटिंग मागितली होती."

मग मध्येच तू म्हणालीस, "बाय द वे, त्या युरोपच्या रेफरेंडमला तुम्ही व्होट काय केलं होतं?"

"मी गावाला गेलो होतो," मी म्हणालो.

"नव्हता. मी तेरा वर्षांची होते. बाबा आत गेले आणि मी बाहेर उभी होते. तुम्ही बाहेर आलात आणि मला टॉफी दिलीत."

तेव्हा या देशात येऊन मला अवघी तीन वर्षे झाली होती. आमच्या शेजारची पोलिश बाई कितीतरी आधीपासून इथे राबत होती. तिला त्या मतदानात मत नव्हते. मला होते, कारण माझा देश कधी काळी यांच्या राज्यात होता. कोणीतरी सांगितले की युरोपची माणसे कमी झाली की आपल्या माणसांना व्हिसा सुटतील. त्यासाठी मी 'बाहेर' वर फुली मारली आणि दारात उभ्या असलेल्या तुला गोळी दिली. तू ते ओळखलेच असशील. पण मी ते तोंडाने सांगितले नाही, आणि आता सांगून ते तुझ्यापर्यंत पोचत नाही, याचा मला असा संताप येतो की गोदामात काल एक खोके मी भिंतीवर आपटले. सुपरवायझरने घरी जायला सांगितले.

तुझी मागणी साधी होती. मी जुना अर्ज मागे घ्यावा आणि पत्रात लिहावे की चूक माझी होती, मुलांची नव्हे. "नाहीतर त्यांना वाटेल, आम्हीच गेम केला," तू म्हणालीस. मी म्हणालो, माझा एकही अर्ज मी आजवर मागे घेतलेला नाही. तू म्हणालीस, "मग हा फर्स्ट." सोमवारी पुन्हा येऊन बसलीस. या वेळी ओरडली नाहीस, आणि तेच मला जड गेले. "गुरुवारपर्यंत द्या, काका. प्लीज."

बुधवारी संध्याकाळी तुझा मेसेज आला, 'काका, लेटर?' मी उत्तर दिले, 'विचार चालू आहे.'

गुरुवारी सकाळी दात घासता घासता तू पडलीस. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. तुला मी पाठवलेले शेवटचे शब्द 'विचार चालू आहे' हे आहेत. आणि विचार चालू नव्हता, रेवा. मी टीव्ही पाहत होतो.

इथे दहनालाही तारीख घ्यावी लागते. अठराव्या दिवशी मिळाली. क्रिमेटोरियमच्या बाहेर तुझे बाबा माझ्याजवळ आले. त्यांच्या हातात कुणाचा तरी कोट होता, कुणाचा ते त्यांनाही ठाऊक नव्हते. म्हणाले, "शिरसाट, ती तुमच्याबद्दल घरात कधी वाकडं बोलली नाही हो. मीच म्हटलं होतं, कौन्सिलला सरळ ईमेल करून सांग की पान बदललंय. तर म्हणाली, नको बाबा. काका स्वतः करतील. त्यांना वेळ लागतो."

हे ऐकल्यापासून मी तुझ्यावर चिडलेलो आहे. एवढी भांडलीस, एवढी मोठी लोकशाही आम्हाला शिकवलीस, आणि शेवटी माझ्या होकारासाठी थांबलीस? एक ईमेल पुरला असता. माझी पत गेली असती तर गेली असती. माझ्या मानापेक्षा आर्याची सही मोठी आहे, हे मला ओरडून सांगितलेस, आणि करताना मात्र मान माझाच राखलास. तेवढी एकच आमची वाईट सवय तू कशाला उचललीस? तुला कोणी सांगितले होते माझ्यासाठी थांबायला? माझ्यात असे काय पाहिलेस?

येथपर्यंत बुधवारी लिहून झाले होते. पुढचे आज, रविवारी लिहितो.

गुरुवारी रात्री जेवताना मी मंगलला प्रथमच सर्व सांगितले. तिने वाटी खाली ठेवली. "आणि तुम्ही तिच्या सभेत बसून पसायदान म्हटलंत?" एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामात रजा कळवली आणि निघालो, तेवढ्यात नानांचा फोन आला. त्यांना कुठून कळले ठाऊक नाही.

"अहो शिरसाट, आता कशाला उकरून काढताय? पोरगी गेली बिचारी. मंडळाची शोभा होईल. माझी सही आहे त्यावर."

"नाना, सही करताना तुम्ही वाचलं होतं का?"

"तुमच्यावर विश्वास ठेवला हो मी!"

"तिनंही ठेवला होता," मी म्हणालो आणि फोन बंद केला. नानांचा फोन मी आधी बंद करण्याची ही पहिलीच वेळ.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिने मला अर्ज मागे घेण्याचा फॉर्म दिला. त्यात कारणाचा रकाना असतो. माझा हात आपोआप 'अपरिहार्य कारणास्तव' लिहायला गेला. आयुष्यभर मी ते शब्द इतरांच्या चुकांवर पांघरले आहेत. पहिला शब्द लिहूनही झाला होता. तो खोडला. खोडलेला फॉर्म मी कधी देत नाही, नवा मागून घेतो. पण मला भीती वाटली, की नव्या फॉर्मवर पुन्हा तेच लिहीन. त्याच्या शेजारीच लिहिले: 'हा अर्ज मुलांचा होता. त्यांना न विचारता पहिले पान मी बदलले आणि मजकूरही बदलला. चूक माझी आहे.' मुलीने वाचले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, खरेच असे ठेवायचे आहे का. मी हो म्हणालो. तिने शिक्का मारून पोच दिली.

त्याच दुपारी मुलांनी नवा अर्ज दाखल केला. मला दाखवला नाही. तो तुझाच अर्ध्या पानाचा आहे आणि पहिली सही आर्याची आहे, एवढे मंगलने तिच्या आईकडून ऐकले. पुढच्या महिन्यात समितीपुढे आर्या बोलणार आहे. कौन्सिल काय ठरवेल ते मला माहीत नाही. या बाबतीतले माझे अंदाज आता मी कोणाला सांगत नाही.

काल शनिवारी आर्या माझ्या टेबलाशी आली. बसली नाही, उभीच राहिली.

"काका, व्हिसाचा फॉर्म भरायचाय. जोडगावचं इन्व्हिटेशन आलंय, कौन्सिलचं लेटर नंतर लावू. अपॉइंटमेंट मिळत नाहीयेत, म्हणून आत्ताच." मग म्हणाली, "फॉर्म तुम्हाला छान येतो, असं रेवाताई म्हणायची."

मी तिला आधी खुर्ची दिली. मग म्हणालो, "आर्या, तुझी सही मी मागे टाकली, ती रफ होती म्हणून नव्हे. मला तुम्हा मुलांची किंमत कळली नव्हती."

ती खाली बघत म्हणाली, "ओके." मग पासपोर्ट टेबलावर ठेवत म्हणाली, "ओके नाहीये अजून. पण फॉर्म भरू या."

नाव, जन्मगाव, पासपोर्ट, वडिलांचा कामाचा पत्ता, सर्व बिनचूक झाले. प्रवासाच्या कारणाचा रकाना आला. मी सवयीने 'सांस्कृतिक' या चौकटीकडे निघालो.

"कल्चरल नको, काका. डान्स नाहीये."

"मग 'इतर'. पण तिथे कारण स्पष्ट लिहावं लागतं. काय लिहू?"

तिने विचार केला. घाई केली नाही, आणि मीही केली नाही.

"तिकडच्या मुलांबरोबर बसून ठराव करायला."

"मांडायला?" मी विचारले. "मांडायला जरा बरं दिसतं."

"करायला," ती म्हणाली.

मी तसे लिहिले.